आप्पांचे बारा शब्द

धुडकू आप्पा चपला बाहेर काढून माझ्या कॉम्प्युटर क्लासात शिरायचे, देवळात शिरावं तसे. शहाद्याच्या स्टँडमागे माझा क्लास. आयुष्यभर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या तोललेला हा माणूस रोज एक कागद पुढे करायचा. त्यावर बारा इंग्रजी शब्द, अक्षर मात्र मोत्यासारखं.

त्यांचा योगेश मोटरसायकलच्या अपघातात गेला. फोनचाही चुरा झाला. त्यातलं बिटकॉइनचं पाकीट बारा गुप्त शब्द दिले की कुठल्याही कॉम्प्युटरवर परत उघडतं, हे कुणीतरी आप्पांना सांगितलं होतं. त्या बिटकॉइनच्या नादापायीच "मन्हा घरमा पाय ठेवू नको" असं ते पोराला बोलून बसले होते. पुढची दोन वर्षं बापलेकांत अबोला, तो तसाच राहिला.

मी तोंडाची फटकळ. सांगून टाकलं, ठरलेल्या यादीत शब्द दोन हजारांवर, त्यातले बारा, तेही ओळीने बरोबर हवेत. कारखान्याने आजवर काढलेल्या साखरेचा दाणा न् दाणा मोजलात, तरी त्या अंदाजांपुढे ती चिमूटभर. जगातले सगळे कॉम्प्युटर जुंपले तरी जमायचं नाही. आप्पा शांतपणे म्हणाले, "तू परकी शे, माय. बापले पोऱ्याना शब्द वळखता नही येवाव का? पैसा नको मले. त्यानी काय लिखं, तेवढं वाची लेसू."

मग मी टाइप करायची. 'गोट', कारण योगेशने शेळी पाळली होती. 'स्विम', कारण तापीत पोहायला आप्पांनीच शिकवलं होतं. बहुतेकदा शब्द चुकले म्हणून यायचं. एकदा मात्र पाकीट उघडलं! आत काही नाही. जुळवलेले बारा शब्द कधीमधी असे नियमात बसतात आणि कुणाचंच नसलेलं कोरं पाकीट उघडतं. आप्पा कितीतरी वेळ त्यात बघत राहिले. "हाई कोनं घर शे, माय?"

परीक्षेच्या धांदलीत एके दिवशी त्यांनी कागद दिला, शेवटचा शब्द 'फादर'. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. "हाऊ शबद व्हई ना त्यामा?" त्यांनी विचारलं. मी वैतागलेली होते. म्हणाले, आप्पा, ते शब्द योगेशने निवडलेलेच नाहीत. मशीन चिठ्ठ्या काढावी तसे काढून देतं, त्याने नुसते उतरवून घेतले असतील.

आप्पांनी कागदाची घडी घातली.

"मंग तो काहीच बोलना नही," ते म्हणाले आणि गेले. पुन्हा आले नाहीत. महिन्याभरात ते गेल्याची खबरच आली. मी खरं तेच बोलले होते, पण तेव्हापासून जिवाला चैन नाही.

आप्पांच्या घरी भेटायला गेले तेव्हा काकूंनी जवळ बसवून घेतलं. त्या शब्दांचं काही कळलं का, म्हणून विचारलं. मी म्हणाले, "कळलं, काकू. पहिलाच शब्द 'बाप' होता."

काकूंनी डोळ्याला पदर लावला. मग माझा हात धरून विचारलं, "त्यासले सांगं व्हतं ना तू?"