झिजलेला कान

गणपतीच्या कारखान्यात आयुष्य गेलं माझं, इथेच पेणला. मूर्ती साच्यातून निघाली की ती घासायची आम्ही बायकांनी. काचपेपर घ्यायचा आणि खरबरीत अंग गुळगुळीत करायचं. मग रंग. शेवटी डोळ्यांची आखणी. ती मात्र आमच्या कारखान्यात पुरुषांचीच. मी एकदा ब्रश मागितला होता. तेव्हाचे मालक म्हणाले, "बाईचे चार दिवस असतात, डोळ्यांना हात नको." अहो, त्याच चार दिवसांत घासायला बरी चालत होते मी!

हे मी लेकीला जेवता जेवता सांगितलं होतं, हसत. तिने ते डोक्यात ठेवलं. पुढे ती मानववंशशास्त्र शिकली, म्हणजे माणसं कशी राहतात, कोण कुणाला कुठवर येऊ देतं, त्याचा अभ्यास. पहिला मोठा निबंध लिहिला तोच आम्हा घासणाऱ्या बायकांवर. तेव्हाचे तिचे सर म्हणाले, "आईवर कसला अभ्यास?" भांडली. तेव्हापासून भांडतेच आहे. आता मुंबईला विद्यापीठात शिकवते. मुलींना अभ्यासाला खेड्यापाड्यांत पाठवता तर राहायची नीट सोय करा, म्हणून भांडली. वाडीवरच्या बाईने बोली समजावून दिली तर पुस्तकावर तिचंही नाव घाला, म्हणून भांडली. मिळवलंनही. पण बरोबरचे सगळे प्रोफेसर झाले, ही आपली अजून खालच्याच पायरीवर.

माझी शाळा चौथीत सुटली, वाचायला शिकले ती मूर्त्यांखाली अंथरायच्या जुन्या पेपरांवर. तरी एवढं कळतं की यंदा तिची बढती ठरायची होती आणि रविवारी घरी आली तेव्हा ताटातला भात नुसता चिवडत होती.

"उद्या मुलाखती आहेत, आई. पीएचडीच्या."

रोह्याच्या वरच्या अंगाला कातकरी वाडी आहे, तिथली एक मुलगी अर्ज करून होती. बाप धाटावला कंपनीत कंत्राटावर. गेल्या वर्षी तिला नाकारली. माहिती गोळा करायला चांगली आहे म्हणे, पण लिहिणं तिला झेपायचं नाही. यंदा निवड करणाऱ्यांत माझी लेक होती. आणि मुख्य कोण? ज्यांच्या हातात हिची बढती, ते विभागाचे मोठे सर.

"यंदा जरा गप बस गो," मी म्हटलं. "आधी तुझं होऊ दे, मग बोल काय ते."

"मग म्हणजे कधी? रिटायर झाल्यावर?"

"जिभेला हाड नाय तुझ्या."

"तुझीच जीभ आहे. तू नव्हतास मागितला ब्रश?"

"मागितला. मिळाला काय?"

ती ताट उचलून मोरीवर गेली. सकाळी पनवेलच्या एसटीत बसली, खिडकीतून हात केलान, तोंड इतकंसं.

मी कारखान्यात आले. मूर्ती मांडीशी, फोन पुढ्यात. काचपेपर फिरतोय, डोळे फोनवर. आता कारखाना मालकांचा मुलगा बघतो. दोनदा जाता-येता म्हणाला, "काकू, फोन काय पिल्लं घालणार हाय?" बाजूच्या बाया हसल्या. मला हसू येईना. गप्प बसली असेल? का बोलली असेल? बसली तरी जीव जळत होता, बोलली तरी जळत होता.

"काकू! अहो कान गेला!" मालकांचा मुलगाच ओरडला.

बघते तर खरंच. सुपासारखा तो कान, कड पार पापडासारखी झालेली. घासून घासून एक टवका उडाला होता. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"बोलले, आई. सगळ्यांसमोर. तिचंच लिखाण वाचून दाखवलं. घेतली तिला."

"आणि तुझं?"

"सर उठून गेले. जाताना म्हणाले, तुमचं बघू पुढे." मग हळूच, "रागावलीस?"

"रागावू कशाला? इकडे गणपतीचा कान झिजवला मी."

आधी तिला कळेचना. मग जी हसायला लागली, हसता हसता नाक ओढायला लागली. मीही तशीच.

"रविवारी ये," म्हटलं. "त्या पोरीलाही आण. खाडीतले निवटे आणून कालवण करते."

फोन ठेवला. प्लॅस्टर कालवलं, बोटाने लावून कानाची कड पुन्हा उभी केली. ते वाळेपर्यंत हात लावायचा नसतो, हे मला का कुणी सांगायला हवं? तरी मी आपली घडीघडी लावून बघत होते.