चिठ्ठीवरचं रत्नागिरी

आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात त्या बाई एकदाच आल्या. मी नाव विचारलं नाही. झाडावर बसून दिवसभर किर्र करणाऱ्या सिकाडा नावाच्या किड्यांचा त्यांचा अभ्यास होता. कोण कोणाचा भाऊबंद, आणि समुद्रातल्या बेटांवर तो मुळात कुठून पोचला, हे त्या शोधत होत्या.

मी प्रयोगशाळेतला शिपाई. जुन्या सरांनी गावोगावहून जमवलेल्या किड्यांची पेटी उघडून दिली. प्रत्येक किड्याखाली तो कुठे सापडला त्याची चिठ्ठी होती. वाळलेले किडे श्वासानेही मोडतील म्हणून बाई श्वास रोखून वाकायच्या आणि मान वळवून भिंतीकडे सोडायच्या. एका हिरव्या किड्यापाशी थबकल्या.

"काय रे, तुझी जात तर अंदमानात बघितली मी! आणि चिठ्ठीवर रत्नागिरी? म्हणजे तुमचं मूळ इथलं?" त्यांचे डोळे भरले. "किती वर्षं शोधत्येय हो मी!"

एका पावसाळ्यात मूळ चिठ्ठ्या बुरशीने खाल्ल्या होत्या. तपासणी तोंडावर होती, म्हणून मी सरसकट रत्नागिरी लिहून टाकलं होतं. कोणाला बोललो नव्हतो.

बाई निघाल्या तेव्हा जिन्यात गाठून सगळं सांगितलं. त्या पायरीवरच बसल्या.

"अहो दादा," म्हणाल्या, "माहीत नाही असं लिहायला लाज कसली? माझ्या निम्म्या किड्यांवर तेच आहे."

परत वर येऊन त्यांनी मला पेन दिलं. मी एकेका चिठ्ठीवर 'ठिकाण माहीत नाही' लिहीत गेलो आणि त्या फुंकर घालून शाई वाळवत राहिल्या. हिरव्याची चिठ्ठी आली तेव्हा मात्र त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.