पाटावरचा लॅपटॉप

माझा मेहुणा रामदासपेठेतल्या एका ऑफिसात साहेब आहे, त्यामुळे जुनी झालेली कुठलीही वस्तू त्याला भंगारच वाटते. त्याच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली तेव्हा तो म्हणाला, “डब्बा झाला भाऊजी, फेकून द्या.”

मी फेकला नाही. एका पेन ड्राइव्हवर अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम बसवली, तो लावून लॅपटॉप सुरू केला आणि त्याच्या बायकोला शिकवणीसाठी परत नेऊन दिला. पेन ड्राइव्ह काढला तर हा चालायचाच नाही, हे मेहुण्याला बजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली. मान डोलवायची आणि विसरायचं, याचाच तर त्याला पगार मिळतो.

दसऱ्याला सोनं द्यायला गेलो. लॅपटॉप पाटावर होता. त्याला हळदकुंकू, वर झेंडूचा हार, समोर नारळ. पेन ड्राइव्ह मात्र नव्हता.

“बंदच पडून राहिला हा,” मेहुणा म्हणाला. “तुमचं जुगाड काही टिकलं नाही, भाऊजी.”

“पेन ड्राइव्ह कुठाय?”

“तो? गाडीत लावला. सगळं पुसून गाणे भरले त्यात.”

जिवंत यंत्राचा जीव काढून घ्यायचा आणि उरलेल्या मढ्याची पूजा मांडायची! पण सासरी जावई बोलला की घरी महिनाभर ऐकावं लागतं. मी आपट्याची पानं त्याच्या हातावर ठेवली.

निघताना तो मोठ्या मनानं म्हणाला, “पेन ड्राइव्ह लागला तर सांगजा, भाऊजी. माझ्यापाशी चार-पाच कोरे पडून आहेत.”