देवपुरातले जहाज

वहिनींचा फोन आला तेव्हा मी जळगावात, मेहरूणच्या घराच्या गच्चीवर ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या वाळत घालीत होते. ओल्या ज्वारीचा आंबूस वास बोटांना चिकटलेला, पायाखाली तापलेली फरशी. वहिनी रडल्या नाहीत. "विजू, नाना गेले गं. चहा मागितला, आणि मी घेऊन येईपर्यंत..." एवढेच म्हणाल्या. मग पलीकडून नुसती पंख्याची घरघर येत राहिली. फोन ठेवायचे त्यांना सुचले नाही आणि मलाही. पारोळ्यावरून धुळ्याकडे जाताना बसच्या खिडकीबाहेर उन्हाने पांढरी पडलेली शेते सरकत होती. या कोरड्या मुलखातून उठून समुद्राकडे गेलेला आपला भाऊ अखेर या मुलखातच येऊन मिटला, हे मनाशी घोळवत मी जात होते.

नाना माझे थोरले बंधू. पेशाने पॅटर्नमेकर. जहाजाच्या पोटाखाली, मागच्या बाजूला, पाणी मागे लोटणारा एक धातूचा पंखा असतो. तो ओतण्याआधी तसाच्या तसा लाकडात घडवावा लागतो. त्या लाकडी पंख्याचा ठसा वाळूत घेतात, लाकूड अलगद काढून घेतात आणि उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. समुद्रात जातो तो धातू. लाकूड मागे, एखाद्या शेडच्या कोपऱ्यात राहते. ते लाकूड नाना घडवीत. शिंदखेडा तालुक्यातल्या, तापीकाठच्या आमच्या गावात त्यांच्या आधी कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. धुळ्यात आयटीआय करून ते किनाऱ्यावरच्या एका खासगी जहाज कारखान्यात लागले, तेव्हा आबांनी, आमच्या वडिलांनी, निरोपाला एवढेच विचारले होते, "तठे प्यायले गोडं पानी भेटस ना?"

मी नुकतीच महाविद्यालयात कविता शिकवू लागले होते. दिवाळीच्या सुटीत त्यांच्याकडे गेले. तो वास अजून नाकात आहे: खारा वारा, तांबडा ओला रंग, तापलेल्या लोखंडाची किंचित गोडसर धग. उतरत्या धक्क्यावर, लाकडी ठोकळ्यांवर एक अर्धे जहाज उभे होते. त्याच्या पोटाखाली उभे राहिल्यावर वर आकाश दिसेना. ठिकठिकाणी वेल्डिंगच्या निळ्या ठिणग्या झरत होत्या आणि आतून कुणीतरी हातोडा मारला की जहाजाच्या अंगभर घंटेसारखा नाद फिरत होता. मी विचारले, "याचं नाव काय?" नानांनी जीभ चावली. "असं विचारू नये इथं. पाण्यात उतरेपर्यंत जहाजाला नाव नसतं. नुसता नंबर." त्या कारखान्यात हा रिवाजच होता. मालकाने कागदोपत्री नाव ठरवलेले असले, तरी कामगार ते ओठांवर आणीत नसत. नारळ फुटला, जहाज घसरत पाण्याला टेकले, की मगच पहिल्यांदा नावाने हाक मारायची. तीही सगळ्यांनी एकदम, ओरडून. नाना म्हणाले, "पुढच्या वर्षी ये. याला हाक मारायला."

ती हाक कुणी मारली नाही. जहाज बांधणाऱ्या कारखान्यांना सरकारकडून मिळणाऱ्या अर्थसाहाय्याची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. मला त्यातले काही कळत नव्हते; सरकारने पैसे का द्यावेत, असा माझा भाबडा प्रश्न होता. नानांनी तो जळगावच्या भाषेत सोडवला. "केळीचा घड भरला की तुम्ही बांबूचा टेकू देता ना? झाड कमजोर असतं म्हणून देता का? घड जड असतो म्हणून. जहाज म्हणजे तसा घड. पोलाद महाग, कर्जाचं व्याज जास्त, बांधायला वर्षं लागतात. दुसऱ्या देशांतली सरकारं आपापल्या झाडांना टेकू देऊन बसलीत. आपला काढला, आणि वारा तर तोच आहे." परदेशी गिऱ्हाईक मागे सरले, मालक दिसेनासा झाला, आणि ते जहाज धक्क्यावर तसेच गंजत राहिले. गंजाचा सुद्धा आवाज असतो, असे नाना सांगत. दुपारी लोखंड तापले की पापुद्रे सुटतात, आणि रिकाम्या कारखान्यात ते खाली पडताना ऐकू येतात... अखेर ते जहाज कापून भंगारात गेले. त्याला नंबरावाचून काही मिळाले नाही. नाना परत आले ते टॉवेलात गुंडाळलेल्या दोन पोलादी पट्ट्या घेऊन.

त्या पट्ट्यांविषयी सांगायलाच हवे. वितळलेला धातू थंड होताना आकसतो. म्हणून लाकडी पंखा मुळातच थोडा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टी नेहमीच्या पट्टीपेक्षा जराशी लांब असते. तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचाहून किंचित मोठा. बिडासाठी, म्हणजे ओतीव लोखंडासाठी, एक पट्टी, पितळ-काशासाठी दुसरी. कारण प्रत्येक धातूचे आकसणे वेगळे; काशाचे बिडापेक्षा जास्त. दोन्ही शेजारी ठेवल्या तर फरक केसाएवढा, चटकन डोळ्यांना न दिसणारा. धुळ्याच्या देवपुरात स्थिरावल्यावर नाना घरामागच्या शेडमध्ये दारे-खिडक्यांची कामे करू लागले, पण हात जुन्याच पट्टीकडे जाई. माझ्यासाठी त्यांनी पुस्तकांचे कपाट केले, ते मेहरूणच्या घरातल्या कोनाड्यात शिरेना. वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो नाना, हे काही थंड होऊन आकसणार नाही! घर आहे हे, भट्टी नव्हे." नाना ओशाळून हसले आणि म्हणाले, "मग कोनाडा वाढवू." आम्ही खरेच कोनाडा फोडला.

पुढे नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत हनीफभाईंची ओतकामाची छोटी भट्टी सुरू झाली आणि नानांना आपले माणूस मिळाले. हनीफभाई पंपांचे भाग ओतत. नाना त्यांची पॅटर्न करीत. दोघांचे बोलणे म्हणजे अखंड टोमणे. "नाना, तुमचं जहाज इथं सोडायचं कशात? पांझरेत तर म्हशीचं पोट भिजत नाही." त्यावर नाना शांतपणे म्हणत, "पांझरा तापीले जास, तापी समुद्रले जास. आपले काय घाई शे, हनीफ?" हनीफभाई हसत, पण त्या वाक्यातली ओढ त्यांनाही ठाऊक होती. आपण घडवलेला एक तरी पंखा पाण्यात फिरावा, एवढे एकच मागणे नानांजवळ उरले होते. बाकी सगळ्या आयुष्याशी त्यांची तडजोड झाली होती.

मग सरकारचे धोरण पुन्हा आले. जहाज बांधणीला अर्थसाहाय्य, दुरुस्तीच्या गोद्यांना मदत, देशी सुट्या भागांना प्राधान्य. कोकणातल्या एका खाडीकाठच्या लहानशा कारखान्याला त्या आधारावर एक टग बांधायचे काम मिळाले. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून बंदरात आणणारी ठेंगणी, दणकट बोट. त्यांना पंखा देशातच ओतून हवा होता, आणि नानांचा तिथला एक जुना सहकारी त्यांना विसरला नव्हता. पॅटर्न नानांनी करायचे आणि ओतकाम हनीफभाईंनी, असे ठरले. हे सारे घडेपर्यंत नानांच्या छातीत आयुष्यभराचा लाकडाचा भुसा साचला होता. चार पायऱ्या चढले की ओठ निळसर होत. डॉक्टरांनी शेडमध्ये पाऊल टाकायला मनाई केली. नाना नाकावर ओला पंचा बांधून जात राहिले. त्याच काळात जहाज बांधणीसाठी आणखी मोठ्या मदतीची घोषणा झाली. ती बातमी त्यांनी फोनवर माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. "शब्द चांगले शेतस," ते म्हणाले. मग दम लागून थांबले... "विजू, दिल्लीतून निघालेला शब्द नरडाण्याला पोचेपर्यंत माणसाचा श्वास पुरायला हवा."

पंखा ओतला त्या दिवशी मी हनीफभाईंच्या भट्टीवर होते. मुशीतून काशाचा रस वाळूच्या साच्यात उतरला, तेव्हा त्याच्या ओठांवर पांढरी-हिरवी ज्वाला नाचली. भोवती जमलेल्या सगळ्यांचे चेहरे क्षणभर पाण्याखालचे असावेत तसे दिसले. नाना खुर्चीवर बसून होते, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, जणू एखाद्या शस्त्रक्रियेबाहेर बसलेले. जळक्या वाळूचा करपट वास आमच्या कपड्यांतून नंतर कितीतरी धुण्यांपर्यंत गेला नाही.

तो पंखा तपासणीत नापास झाला. मापात थोडा लहान भरला. हनीफभाईंचा मला जळगावला फोन आला. आवाज असा, की घरचे कुणी गेले असावे. "अक्का, नानांनी पट्टी चुकीची घेतली. बिडाची काशाला लावली. पूर्ण उमरमध्ये पहिल्यांदा. मला तरी कुठं दिसलं! आता टग बांधणारे यार्डवाले थांबायला तयार नाहीत, बाहेरचा पंखा मागवताहेत. मी नानांना सांगू कसं? माझ्या तोंडून निघणार नाही." नानांना तेव्हा प्राणवायूची नळी लागलेली होती. वहिनी, हनीफभाई आणि मी, तिघांनी मिळून ठरवले, की पंखा पास झाला, एवढेच सांगायचे.

मी त्यांच्या खाटेशी बसून तसे सांगितले. खिडकीतून देवपुरातल्या दुपारचा उष्ण, धुळकट प्रकाश येत होता आणि वहिनी दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. काही दिवसांनी मी आणखी पुढे गेले, म्हणाले, "नाना, टग पाण्यात उतरली." त्यांनी डोळे उघडले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची आम्ही तिघांनी तयारीच केलेली नव्हती. "नाव काय ठेवलं?" बाहेर कुठेतरी भाजीवाल्याची हाक विरत होती. "पांझरा," मी म्हणाले. नानांच्या चेहऱ्यावर हसू आले. इतके हळू, की ते आले की नुसता श्वास सुटला, कळले नाही. ओठ हलले. आवाज फुटला नाही, पण त्यांनी ते नाव हाक मारल्यासारखे उच्चारले, एवढे मात्र मी पाहिले. त्यानंतर त्यांना थोडी उभारी आली. दुपारी ते शेडमध्ये जाऊन बसू लागले. "हात मोकळे करतो," म्हणत. आम्हीही अडवले नाही.

नानांच्या दहाव्याला नदीवरून परतल्यावर हनीफभाई ओट्यावर बसून राहिले. मग खाली पाहत म्हणाले, "अक्का, त्यांना माहीत होतं. तुम्ही नाव सांगितलंत ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मला फोन. 'हनीफ, मी बिडाची पट्टी लावेल शे. लाकूड पुन्हा मोजी पाह्यनू.' मग म्हणाले, 'घरमा सांगू नको. विजूनी नाव ठेयेल शे.'"

वहिनींनी उठून शेडचे कुलूप काढले. मी आत गेले. सागाचा आणि सरसाचा वास तसाच, दाट. बाकावर एक नवा पंखा होता, काशाच्या पट्टीने आखलेला. तीन पाती पूर्ण. रेशमावरून हात फिरावा इतकी गुळगुळीत. चौथे अजून न जोडलेले, सुटेच, नुसते आखलेले, कडेला रंध्याचे दोन-चार हात मारलेले. हनीफभाईंनी ते पाते तळव्यावर तोलले, बोटाने खोली अजमावली आणि परत जागेवर ठेवले. "हे काम आता कुणाच्याच हातात नाही," ते म्हणाले. टग परदेशी पंखा लावून केव्हाच समुद्रात गेली आहे. तिचे खरे नाव मी विचारलेले नाही.

परवा देवपूरला गेले होते. आभाळ दाटून हवा जड झाली होती. दिवेलागणीला वहिनी देवाजवळ निरांजन लावून मागच्या दाराने शेडकडे गेल्या आणि बाकावरचा पिवळा दिवा लावून आल्या. हवेत ओल असली की लाकूड फुगते, माप बिघडते. म्हणून पावसाळाभर नाना तो दिवा पॅटर्नच्या अगदी जवळ जळत ठेवीत. मी काही विचारण्याआधीच वहिनी म्हणाल्या, "तीन पाती बरोबर आहेत ना गं... ती तरी बरोबर राहू देत."