ऑपरेशन कुरडई

मे महिन्यातला दुसरा रविवार, सकाळ. ठिकाण: सिल्वासा, आमच्या इमारतीची गच्ची. हजर: मी, सासूबाई, आमचे हे आणि धाकटे दीर पंकजभाऊ. गैरहजर: चौघांचेही मोबाईल.

आता मुद्द्याचं. मला मारधाडीचे चित्रपट आवडतात ते त्यांतल्या शिस्तीसाठी.

हसू नका. चाळीस गुंड हिरोभोवती उभे असतात, पण अंगावर येताना एकेक करून येतात. आधीच्याचं आटोपल्याशिवाय पुढचा पाऊल उचलत नाही. (आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या खिडकीवर हे एकदा जमवून दाखवा!) बॉम्ब फुटायला किती वेळ उरलाय ते मोठ्या लाल आकड्यांत लिहिलेलं असतं. तारा वेगवेगळ्या रंगांच्या असतात. आणि मोहिमेआधी सगळे टेबलाभोवती जमून, मिठाची डबी म्हणजे बँक, चमचा म्हणजे गाडी, असं नीट ठरवून घेतात. मला तर अशा वेळी डोळ्यांत पाणी येतं.

मी मसाटच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. बेअरिंग किती आले, हातमोजे किती गेले, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. त्यामुळे आमच्या ह्यांची नेहमीची तक्रार मला पटत नाही.

"अगं, त्या एवढ्याशा पिस्तुलातून हा मघापासून गोळ्या झाडतोय! संपत कशा नाहीत?"

"त्यांचा स्टोअरकीपर चांगला असेल," मी म्हणते.

घरात माझा जोडीदार एकच, पंकजभाऊ. नरोलीला शिफ्टमध्ये काम करतात. ते ड्युटीवरून आले की आम्ही चहा घेऊन बसतो. आम्हा दोघांनाही चित्रपटांची नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून आम्हीच नावं पाडली आहेत. हिरो नारळ फेकून जीप उलटवतो तो 'नारळवाला'. तुटलेली लिफ्ट एका हाताने धरून दुसऱ्या हाताने फोन घेतो तो 'लिफ्टवाला'. माझा सर्वांत आवडता 'चादरवाला'. त्यात हिरोईन हॉस्पिटलच्या चादरींना गाठी मारून सातव्या मजल्यावरून उतरते आणि खाली येईपर्यंत तिच्या केसांतलं फूलसुद्धा हलत नाही. तो मी इतक्यांदा पाहिला की माझी खात्री झाली होती, यात अवघड असं काही नाही. गाठ नीट मारायची, बस्स.

तर पंकजभाऊंचं लग्न जमत नव्हतं. मुलगा निर्व्यसनी, कमावता. अडायचं ते गावावरून. मुलीकडचे विचारायचे, "सिल्वासा म्हणजे महाराष्ट्रात की गुजरातमध्ये?" आम्ही खरं सांगायचो, "दोन्हीत नाही." की पलीकडून फोन बंद! आम्ही जणू समुद्रातच राहतो.

अशात शिरपूरचं एक स्थळ आलं. माधुरी. वडील नाहीत, सगळं मामा बघतात. माधुरी आणि पंकजभाऊ दोनदा फोनवर बोलले आणि तेव्हापासून पंकजभाऊ रात्रपाळीला जातानासुद्धा भांग पाडून जायला लागले. एकच काम उरलं होतं: मामा आणि माधुरी आमचं घर पाहायला येणार होते. सासूबाईंनी बजावलं होतं, "हे स्थळ हातचं गेलं ना, तर मी गावाले निघून जाईन. मंग करत बसा तुमचे सिनेमे!"

ते पुढच्या रविवारी यायचे होते. शनिवारी संध्याकाळी मामांचा फोन आला: उद्याच येतो, दुपारी बारापर्यंत.

आणि घरात कुरडयांचे गहू तीन दिवस भिजून, वाटून, चीक काढून तयार! पाहुण्यांना थांबवता येतं, चिकाला येत नाही. दुसऱ्या दिवशी तो आंबतो. मी लगेच कागद घेतला. सहाला चीक शिजवणे. सातला गच्चीवर नेणे. दहाला खाली येऊन आंघोळी. बाराला हसतमुख.

सगळं वेळेवर सुरू झालं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, वर लगेच गच्ची. घराला बाहेरून नुसती कडी लावली आणि वर गेलो. मोबाईल टोपलीत घालून घरीच ठेवायला लावले, कारण मागच्या वर्षी ह्यांचा फोन चिकात पडला होता आणि आम्हाला तो एका कुरडईच्या वाजण्यावरून सापडला होता. सासूबाईंच्या जुन्या नऊवारी लुगड्यांवर कुरडया घालायला सुरुवात झाली. चीक गरम ठेवायला कोळशाची शेगडी वर आणली होती, ती सासूबाईंकडे. सोऱ्या दाबायला ताकद लागते, म्हणून तो पंकजभाऊंकडे. अंगात बनियन, कमरेला टॉवेल आणि कोपरापर्यंत चीक, असा आमचा नवरदेव होता.

साडेनऊला हे म्हणाले, "दार लागलंय."

गच्चीच्या दाराला जिन्याच्या बाजूने कडी आहे. ती कोणी लावली हे कळायला मला क्षणही लागला नाही. त्या दारावर जिन्याच्या बाजूने एक नोटीस आहे: 'गच्चीचे दार उघडे दिसल्यास ताबडतोब कडी लावावी. विचारत बसू नये.' कबुतरं जिन्यात शिरतात म्हणून लावली होती. मराठी, हिंदी, गुजराती, तिन्ही भाषांत. अक्षर माझं.

"जयश्रीबेन!" मी दारावर थापा मारल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या जयश्रीबेन रोज याच वेळी मंदिरात जातात. जाता जाता त्यांनी उघडं दार पाहिलं, वाचलं आणि विचारत बसल्या नाहीत. (नंतर मी जाब विचारला तर म्हणाल्या, "तमेज लख्युं छे ने!" तुम्हीच लिहिलंय ना!)

"खाली कोणाला तरी हाक मारू," हे म्हणाले आणि कठड्याशी गेले. गेले तसे वाकूनच परत आले. "गाडी आली. शिरपूरची वाटते. मामा आणि मुलगी."

"आताच? बारा म्हणाले होते!"

"लवकर निघाले असतील."

"मग मारा हाक!"

"खबरदार!" सासूबाई कुजबुजल्या. आयुष्यात पहिल्यांदाच कुजबुजल्या असतील. "मुलाकडचे लोक गच्चीवरून बोंबलतात? काय म्हणतील? नवरदेव टॉवेलवर, सासू राखेत आणि सून गाऊनमधी? कोणी तोंड उघडायचं नही!"

तिथेच सगळं बदललं. आवाज न करता, शत्रूच्या नकळत, खाली उतरायचं होतं. पंकजभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

"वहिनी, दार तोडू?"

"एका धक्क्यात," मी म्हणाले. "'लिफ्टवाल्या'तल्यासारखं."

पंकजभाऊ टाकीपर्यंत मागे गेले, धावत आले आणि खांदा दिला. दार लोखंडी पत्र्याचं. लग्नाच्या वरातीतला ताशा वाजावा तसा आवाज झाला आणि पंकजभाऊ, दार नव्हे, मागे पडले.

"अरे बावळ्या," सासूबाई कुजबुजल्या, "हे दार आपल्याकडे उघडतं!"

मग मी रीतसर मोहीम आखली. जमिनीवर मांडणी केली. "ही मोठी कुरडई म्हणजे आपली इमारत. ही पळी म्हणजे जिना. हा सोऱ्याचा दट्ट्या म्हणजे मामा."

"आणि मी कोणती?" हे म्हणाले.

"ती तुटलेली."

बाल्कनीच्या ग्रिलबाहेर कुंड्या ठेवायला सिमेंटचा रुंद कट्टा आहे. गच्चीच्या कठड्यावरून लुगड्याने त्या कट्ट्यावर उतरायचं, ग्रिलच्या खिडकीतून घरात शिरायचं, जिन्याने वर येऊन कडी काढायची. जायचं कोणी? ह्यांचा गुडघा दुखतो. पंकजभाऊंचा पाय मोडला तर लग्नच मोडेल. सासूबाईंचा प्रश्नच नव्हता, तरी त्या पदर खोचायला लागल्या होत्या. राहिले मी.

टाकीवर चढताना घालायचं पिवळं हेल्मेट गच्चीवरच असतं (माझाच नियम). ते घातलं. टाकीला बांधून कठड्यापलीकडे सोडायला एक लुगडं पुरेना, म्हणून दुसऱ्या लुगड्याला गाठ मारली. दुसऱ्यावरच्या ओल्या कुरडया काढून ठेवायचं काम ह्यांच्याकडे दिलं होतं. एवढंच सांगून ठेवते.

'चादरवाल्या'त एक गोष्ट दाखवलेली नाही: हिरोईनच्या गाऊनचा खिसा वाटेत ग्रिलमध्ये अडकत नाही. माझा अडकला. आणि लुगड्याला जागोजाग चिकाचं वंगण लागलेलं होतं, त्यामुळे मी उतरले असं म्हणण्यापेक्षा पोचले असं म्हणणं बरं. कुंड्यांमधली तुळस वाचली. कोरफड नाही वाचली. मीही कोरफडीमुळे पूर्ण वाचले नाही.

पण पोचले! विजयाने ग्रिलची खिडकी ओढली. कुलूप!

चोर येऊ नये म्हणून मीच लावलेलं. किल्ली कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक काय, समोर दिसत होती! बाल्कनीच्या उघड्या दारातून भिंतीवरची किल्ल्यांची पाटी, तिसरा हुक आणि खाली माझ्याच अक्षरातलं लेबल: 'ग्रिल. अडचणीच्या वेळी.'

"ओ ताई!" खालून आवाज आला.

मी मान वळवली. मामा आणि माधुरी अंगणात उभे राहून वर बघत होते. मामा सफारीत, निवृत्त सरकारी कर्मचारी असल्याचं तिसऱ्या मजल्यावरून कळत होतं. त्यांना पिवळं हेल्मेट घालून ग्रिलला लटकलेली बाई दिसत होती. साहजिकच त्यांना मी कामगार वाटले.

"पंकजचं घर कोणतं हो?"

काय सुचलं कोणास ठाऊक, मी आवाज जाडा करून म्हणाले, "हेच. पण घरी कोणी नाही. अर्ध्या तासाने या!"

"आम्हाला तर बोलावलंय!"

"मला काय माहीत? मी ग्रिलवाली!"

माधुरी डोळे बारीक करून बघत होती. "मामा," ती म्हणाली, "ग्रिलवाली गाऊनमध्ये?"

तेवढ्यात वर पंकजभाऊंनी लुगडं ओढून घ्यायला सुरुवात केली. गाठ कठड्याला अडकली. त्यांनी जोर लावला, आणि दुसरं लुगडं, ह्यांच्याकडे सोपवलेलं, सगळ्या ओल्या कुरडयांसकट कठड्यावरून उलटलं. माझ्या हेल्मेटवर दोन, मामांच्या सफारीवर एक आणि त्यांच्या डोक्यावर एक अशी बसली की जणू टोपी मापाने शिवली होती.

इतका वेळ गप्प बसवणाऱ्या सासूबाईंना हे सहन झालं नाही. कठड्यावरून अर्ध्या बाहेर येत त्या ओरडल्या, "अवं माय वं! माह्या कुरडया!"

पाठोपाठ हे दिसले. मग टॉवेलवर नवरदेव दिसला. त्याने नमस्कार केला. दोन्ही हातांना चीक असल्यामुळे ते हात नंतर सुटेनात.

माधुरी एक क्षण बघत राहिली आणि एकदम जिन्याकडे धावली. मला वर कडी वाजलेली ऐकू आली. सुटलो! मामा धापा टाकत तिच्या मागून चढत होते. मी ग्रिलला धरून, आता कोणीतरी खाली येऊन मला घरात घेईल, याची वाट पाहत राहिले.

पुन्हा कडी वाजली.

मामा गच्चीच्या दारापर्यंत पोचले होते. माधुरी आत गच्चीवर, दार उघडं आणि समोर नोटीस. मामांनी तीस वर्षं सरकारी आदेश पाळलेले! त्यांनी मराठी वाचलं, ताडून पाहायला हिंदी वाचलं, कडी लावली आणि खाली येऊन आमच्या घराची कडी काढून बैठकीत जाऊन बसले.

"मामा!" मी ग्रिलमधून हाक मारली.

ते दचकले. "आपण?"

"मी मुलाची वहिनी."

"मघाशी तर तुम्ही म्हणालात, घरी कोणी नाही."

"नव्हतंच ना!"

त्यांनी यावर विचार केला. त्यांना ते पटलं. "समोर किल्ल्यांची पाटी आहे," मी म्हणाले, "तिसरा हुक." मामांनी पहिल्या हुकापासून प्रत्येक लेबल मोठ्याने वाचलं. 'कपाट.' 'स्कूटर.' 'ग्रिल. अडचणीच्या वेळी.' मग माझ्याकडे वळून विचारलं, "ही अडचणीची वेळ म्हणायची ना?"

मी डोक्याच्या बाजूने घरात आले. हेल्मेट आधी, मी नंतर, खिसा सर्वांत शेवटी. मामा एवढंच म्हणाले, "लेबलं मात्र छान आहेत हो."

धावत वर जाऊन कडी काढली. मनात म्हटलं, संपलं. स्थळ गेलं, सासूबाई गावाला, पंकजभाऊंचा भांगही गेला. दार उघडलं तर माधुरी ओढणी कमरेला बांधून सोऱ्या दाबत होती आणि पंकजभाऊ चिकाचे गोळे भरून देत होते.

"चीक गार होत होता," ती म्हणाली. "वहिनी, एक विचारू? यांनी फोनवर सांगितलेल्या 'चादरवाल्या'तलं होतं ना ते? हॉस्पिटलचं?"

"तू पाहिलाय?"

"पण ती उतरण्याआधी गाठ ओढून बघते. तुम्ही विसरलात."

सासूबाईंनी लगेच राखेचा हात गाऊनला... म्हणजे माझ्या गाऊनला पुसला आणि म्हणाल्या, "पोरगी हो म्हणते. पण तिची एक अट आहे."

अट साधी होती. लग्न होऊन ती या घरात येण्याआधी दारावरची नोटीस बदलायची.

लग्न झालं. माधुरी आली. आता संध्याकाळी चहा घेऊन आम्ही तिघं बसतो. नोटीस मात्र राहूनच गेली होती, कारण नवीन मजकुराला चांगला वेळ द्यायला हवा. अखेर काल मसुदा पक्का केला: 'गच्चीचे दार उघडे दिसल्यास आधी आत डोकावून कोणी आहे का ते विचारावे. मगच कडी लावावी.' तिन्ही भाषांत, मोठ्या अक्षरात. आज सकाळी नोटीस, चिकटपट्टी आणि पेन घेऊन मी वर आले. म्हटलं, लावण्याआधी टाकीचं झाकण तेवढं बघून घ्यावं.

जयश्रीबेन मंदिरात गेल्या आहेत. घरचे सगळे बाजारात गेले आहेत. मोबाईल टोपलीत आहे. हे सगळं मी नव्या नोटिशीच्या कोऱ्या बाजूवर लिहीत आहे; जागा संपत आली. चिकटपट्टी हातात आहे. फक्त जुनी नोटीस दाराच्या पलीकडच्या बाजूला आहे.