बलबीर अंकलच्या खोलीतला दुसरा पलंग

दुसऱ्याच्या घरात जागा किती जास्त आहे, हे सांगणाऱ्या माणसांचे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. ती माणसं तोंड उघडतात आणि आपल्याकडे आपोआप साठा होतो. माझी तर एकट्या मिलिंद सरदेसाईच्या जिवावर जन्माची बेगमी झाली आहे.

आम्ही इथे परदेशात स्थायिक झालेली पाच-सहा मराठी मंडळी शनिवारी सकाळी बेडोक भागात जातो. तिथे सरकारी भाड्याच्या घरांचा एक जुना ब्लॉक आहे. ज्यांना स्वतःचा फ्लॅट घेणं कधी जमलं नाही, त्यांच्यासाठी ही घरं. भाडं अगदी थोडं, पण एकट्या माणसाला अख्खं घर मिळत नाही. दोन एकटे, एक खोली. आम्ही तांदूळ, तेल, बिस्किटं पोचवतो, म्हाताऱ्यांशी गप्पा मारतो आणि खाली कॉफी पिऊन घरी येतो. मिलिंद आमचा म्होरक्या. बँकेत मोठ्या पदावर आहे. कुणी नेमलं नव्हतं, पण त्याला म्होरक्या असायची सवय आहे.

*

बलबीर अंकलकडे आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांच्या खोलीत चुआ अंकलही होते. बलबीर अंकल निवृत्त वॉचमन, सत्तरी ओलांडलेले, पांढरी दाढी, पगडी कडक. चुआ अंकल पूर्वी भाजीबाजारात हमाली करायचे. दोन पलंगांच्या मध्ये एक कपाट आडवं लावलेलं, तीच भिंत. अलीकडे गुरुद्वाऱ्याचं कीर्तन, पलीकडे चिनी मालिका, दोन्ही फुल्ल आवाजात.

"आम्ही बोलत नाही," बलबीर अंकल मला हिंदीत म्हणाले.

"का?"

"आठवत नाही. पण बोलत नाही."

तेवढ्यात कपाटाच्या पलीकडून चुआ अंकल शेजारच्या सलमा आंटींना हाक मारून काहीतरी म्हणाले. आंटी दारात आल्या आणि बलबीर अंकलना म्हणाल्या, "तो सांगतोय, तुझी डाळ करपतेय."

मिलिंदने सगळीकडे नजर फिरवली, मान डोलावली आणि म्हणाला, "कॉम्पॅक्ट आहे, पण व्यवस्थित आहे. माणसाला याहून जास्त लागतं तरी काय?"

*

पावसाळी दिवसांत चुआ अंकल हॉस्पिटलात गेले ते परत आलेच नाहीत. पुढच्या शनिवारी आम्ही गेलो, तर पलीकडचा पलंग उघडा होता. गादीसुद्धा नेली होती. बलबीर अंकल टीव्हीसमोर बसले होते आणि कीर्तन इतकं हळू लावलं होतं की ऐकायला कान द्यावा लागत होता.

मी म्हटलं, "अंकल, आता मोठ्याने लावा की. कोण ओरडणार आहे?"

"तेच तर," ते म्हणाले, आणि रिमोटला हात लावला नाही.

*

त्याच महिन्यात भाड्याच्या घरांच्या ऑफिसातून एक मुलगी येऊन गेली. गोड बोलणारी होती. नियम सांगून गेली की खोलीत एक जागा रिकामी झाली आहे, तर अंकलनी स्वतः कुणी सोबती शोधावा, नाहीतर ऑफिस पाठवेल. रांगेत खूप लोक आहेत.

खाली कॉफी पिताना मिलिंदने हा नियम कसा योग्य आहे ते आम्हाला समजावलं. "हे बघ नीला, इमोशनल होऊ नकोस. स्पेअर कपॅसिटी आहे, ती वापरलीच पाहिजे. एका माणसाने दोघांची जागा अडवून बसायचं, हे सिस्टीमला परवडत नाही."

इथे जुने लोक शीख वॉचमनला 'जागा' म्हणतात. मलाय भाषेतला शब्द, अर्थ राखणदार. बलबीर अंकलना अख्खा ब्लॉक 'जागा अंकल' म्हणूनच ओळखतो. मिलिंदला हे माहीत नव्हतं. तो तावातावाने "जागा, जागा" करत होता, तर शेजारच्या टेबलावरचा एक चिनी म्हातारा उठून आमच्याजवळ आला आणि काळजीने विचारू लागला, "जागाला काय झालं? तोही गेला?"

*

ऑफिसने पाठवलेला पहिला माणूस म्हणजे टॅन नावाचे एक वाळके गृहस्थ. आम्ही तिथेच होतो. त्यांनी पलंग दाबून पाहिला, खिडकी उघडून पाहिली, मग विचारलं, "आधीचा कुठे वारला?"

"हॉस्पिटलात."

"बरं झालं. आणि तुमची तब्येत?"

"बीपी आहे. शुगर आहे. गुडघे गेलेत."

टॅन अंकलनी खिडकी लावून टाकली. "मग नको. याआधीचे माझे दोन्ही सोबती गेले. दर वेळी नव्या माणसाच्या घोरण्याची सवय करायची. आता मला तरुण पाहिजे, साठीच्या आतला."

ते गेल्यावर बलबीर अंकल कितीतरी वेळ हसत होते. मिलिंद मात्र चिडला. "या लोकांना चॉइस कशाला देतात?" लिफ्टमध्ये त्याने हे पुन्हा ऐकवलं.

*

मग मिलिंदने कारभार हातात घेतला. पुढच्या शनिवारी तो बलबीर अंकलसमोर खुर्ची ओढून इंटरव्ह्यू घेतल्यासारखा बसला. सोबती कसा हवा? शाकाहारी चालेल का? सिगरेट ओढणारा? हिंदी येणारा? पहाटे उठणारा?

अंकल प्रत्येक प्रश्नाला "चलेगा" म्हणत होते.

"अहो, काहीतरी अपेक्षा सांगा. सगळंच चालेल म्हटलं तर मी मॅच कसं करणार?"

अंकलनी जरा विचार केला. "भांडणारा पाहिजे," ते म्हणाले. "गोड बोलणाऱ्याशी किती वेळ बोलणार?"

मिलिंदला हा विनोद वाटला. तो मोठ्याने हसला आणि त्याने अंकलच्या पाठीवर थाप मारली.

*

या विषयावर एक मीटिंग घ्यायची म्हणून त्याने आम्हाला जुरोंग ईस्टला स्वतःच्या कॉन्डोत बोलावलं. अनघाने साबुदाणा वडे केले होते, म्हणजे सितीने केले होते आणि अनघाने वाढले. सिती त्यांच्याकडे कामाला असलेली इंडोनेशियन बाई, चाळिशीची. नवरा-बायको दोघंच, मुलगा मेलबर्नला, आणि घर चार बेडरूमचं. मिलिंद हॉलमधल्या सोफ्यावर बसून कमी जागेत आनंदाने राहण्याबद्दल बोलत होता.

मला हात धुवायचे होते. स्वयंपाकघराच्या मागे एक दार दिसलं, ते मी बाथरूम समजून ढकललं. दार लोखंडी, चांगलंच जड. आत खिडकी नव्हती. तांदळाच्या गोण्या, दोन सूटकेसी, इस्त्रीचं टेबल, आणि मधल्या पट्टीत एक गादी, उशाशी घडी केलेली नमाजाची चटई. इथे बऱ्याच घरांत असतं तसं ते बॉम्ब शेल्टर होतं. युद्ध झालंच तर लपायला. एरवी लोक त्यात अडगळ ठेवतात.

सिती मागे उभी होती. मी ओशाळले.

"काही हरकत नाही, मॅडम," ती म्हणाली. "बॉम्ब पडला तर या घरात मी एकटीच वाचणार आहे."

बाहेर मिलिंदचा आवाज येत होता, "शेवटी प्रश्न माइंडसेटचा आहे."

*

आणि हा शेवटचा किस्सा. हा मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही, कारण मध्येच मला हसू येतं आणि नंतर येत नाही.

मिलिंदची आई गेल्यावर त्याचे वडील, अप्पा, पुण्याहून इथे काही महिने राहायला आले. निवृत्त शिक्षक, शांत, कानाला यंत्र. अप्पांची सोय हॉलमधल्या सोफ्यावर होती. मुलाची खोली तो सुट्टीत येतो म्हणून तशीच ठेवलेली. एका खोलीत मिलिंदचे लंडनचे कॉल. पाहुण्यांच्या खोलीत अनघाचं व्यायामाचं मशीन. "अप्पांना हॉलच आवडतो," मिलिंद म्हणाला. "टीव्ही आहे ना."

घरात बसून कंटाळतील म्हणून एका शनिवारी तो त्यांना बेडोकला घेऊन आला. आम्ही खालून सामान वर आणेपर्यंत अप्पा खोलीत पोचले होते आणि पलीकडच्या पलंगावर मांडी घालून बसले होते, शेजारी त्यांची कापडी पिशवी. बलबीर अंकलनी त्यांना चहा दिला होता. दोघांच्या गुडघेदुखीवर काय चोळावं यावरून वाद चालू होता, अप्पांच्या शाळेतल्या हिंदीत आणि अंकलच्या पंजाबीत. आवाज जिन्यापर्यंत येत होता. अप्पांना इतकं बोलताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात ऑफिसची ती मुलगी आली. एकमेकांशी भांडणारे दोन म्हातारे, पलंगावर पिशवी. तिचा चेहराच खुलला.

"अरे वा, अंकल, सोबती मिळाला तुम्हाला!" मग ती अप्पांकडे वळली. "अंकल, तुमचं इथे कुणी नाही का? मुलंबाळं?"

अप्पांनी कानातलं यंत्र नीट केलं आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "मुलगा आहे ना. हा काय." आणि दारात तांदळाची पिशवी धरून उभ्या असलेल्या मिलिंदकडे बोट दाखवलं.

मुलगी गोंधळली. तिने मिलिंदकडे पाहिलं, त्याच्या घड्याळाकडे पाहिलं, मग पुन्हा अप्पांकडे. "मग तुम्ही यांच्याकडे राहता? किती खोल्यांचं घर आहे, अंकल?"

"अप्पा, चला, उशीर होतोय," मिलिंद मराठीत म्हणाला.

अप्पांनी चहाचा घोट घेतला.

"ते त्यालाच विचारा," ते तिला म्हणाले. "मला अजून सगळी दारं उघडून दाखवलेली नाहीत."