रहालदादाचा बार

माझा थोरला भाऊ रहाल बहिरा झाला होता. हे मला ठाऊक होतं, त्याच्या घोड्याला ठाऊक होतं, आणि अख्ख्या दुक्काला प्रांताला ठाऊक होतं. कुणाला पत्ता नाही असं फक्त त्याला एकट्याला वाटायचं.

बहिरा झाला तो बारुदाने. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो बापाच्या सर्ब्यात बसला. सर्बा म्हणजे आमचं घोडेस्वारांचं पथक. सगळे स्वार एका ओळीत सुसाट येतात, मधल्या मुकद्दमाने, म्हणजे म्होरक्याने, हाक दिली की धावत्या घोड्यांवरून सगळ्या बंदुका एकदम उडतात. गोळी नसते, नुसता बारूद. पण एकदम म्हणजे एकदम. ऐकणाऱ्याला एकच बार वाटला पाहिजे. एक जरी बंदूक मागाहून फुटली तरी पुढच्या जत्रेपर्यंत बाजारात तोंड दाखवायची सोय नाही. आता शेजाऱ्यांच्या आठ-दहा बंदुकांची तोंडं आयुष्यभर कानापाशी फुटल्यावर कान राहतील कसे?

पोटापाण्याला तो लोकांची शेतं नांगरायचा. कमावलेलं सगळं मबरूकच्या पोटात जायचं. मबरूक त्याचा करडा घोडा. त्याची बायको ताम्मू होती तोवर बोलून दाखवायची, या घरात घोडा जव खातो आणि माणसं कोंडा. ती गेली, मूलबाळ झालंच नव्हतं. माझा नवरा वारला तेव्हा मी माझ्या लेकाला, ल्कबीरला, घेऊन दादाकडेच राहायला आले. दादाने त्याला मांडीवर घेऊन खोगिरात बसवलं. लगाम, बंदूक, मान कशी ताठ ठेवायची, सगळं त्यानेच शिकवलं. आणि वय झालं तसं मुकद्दमाची जागाही स्वतः उठून भाच्याला दिली. त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी म्हटलं, रडतोस कशाला? तर म्हणाला, बारुदाचा धूर गेला.

आता तो मुकद्दमाच्या शेजारी बसायचा. हाक ऐकू यायची नाही, म्हणून मुकद्दमाच्या पलीकडे बसणाऱ्या बूश्ता नावाच्या स्वाराच्या कोपरावर डोळा ठेवायचा. कोपर हललं की चाप ओढायचा. इतक्या वर्षांचा सराव, कुणाच्या लक्षात यायचं नाही.

गेल्या जत्रेत आमचा बार फाटला. मोठा आवाज झाला आणि त्याच्यामागून एक भुरटा. धुरात कोण बघतंय कुणाची बंदूक होती ते? पण ओळीत एकच म्हातारा, आणि तो बहिरा. मग शोधायचं काय राहिलं? वर्षभर माझा लेक जेवताना मामाकडे रोखून बघायचा. सरळ सांगायची मात्र छाती नव्हती. कारण मामा उठला असता तर मबरूकला घेऊन घरी गेला असता, आणि मबरूक नसला तर ती ओळ सरळ धावतच नाही. बाकीची घोडी त्याच्या खांद्याला खांदा लावून पळतात. ल्कबीरला घोडा हवा होता. मामा नको होता.

त्यासाठी त्याने काय केलं ते ऐका. आमच्याकडे जुनी रीत आहे. ज्याचा बार एकटा पडला त्याने तिथेच उतरायचं, डोक्याची पगडी सोडून गळ्यात टाकायची, आणि सगळ्या तंबूंसमोरून पायी परत यायचं. त्या जत्रेत त्याने पुन्हा खोगिरावर बसायचं नाही. घोड्याला मात्र शिक्षा नाही. घोडा ओळीतच राहतो.

सीदी बूरजाच्या जत्रेत सकाळची फेरी नुसती सलामीची असते, तिला गुण नसतात. दादाने पहाटे नमाजासाठी वजू केली, पायघोळ पांढरी जेलाबा घातली, मबरूकच्या आयाळीत बोटं फिरवली. मला म्हणाला, "फातना, आज बघ, एकच बार." मी त्याच्या जेलाबाची घडी नीट केली. मला काय माहीत, माझ्या पोटच्या पोराने काय शिजवून ठेवलंय?

ओळ निघाली. काय देखणी येत होती. मबरूक ल्कबीरच्या घोड्याला लागून, माती उडतेय, बंदुका वर गेल्या. आता ल्कबीरची हाक येणार म्हणून आम्ही बायका श्वास धरून उभ्या. हाक आलीच नाही. सगळ्यांचं आधीच ठरलं होतं, आज कुणी चाप ओढायचा नाही. फक्त बूश्ताने कोपर हलवलं. मुद्दाम. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आणि दादाचा बार पडला. एकट्याचा. त्या एवढ्या मोठ्या मैदानात तो केवढासा वाटला.

घोडे थांबले. धूर दादाच्याच डोक्याभोवती होता. तो इकडेतिकडे बघू लागला, बाकीच्यांच्या बंदुकांच्या नळ्या कोऱ्या. ल्कबीरने घोडा वळवून त्याच्या तोंडासमोर आणला, ओठ नीट दिसतील असा, आणि सगळ्या तंबूंना ऐकू जाईल एवढ्याने विचारलं, "मामा, माझी हाक ऐकलीस?"

इथे एक शब्द खरा बोलला असता तर? नाही, ऐकली नाही, एवढंच. पण कान गेले म्हटलं की जागा गेली, हे त्याला आमच्या सगळ्यांहून जास्त कळत होतं. तो खोगिरात ताठ झाला.

"ऐकली की. चांगली खणखणीत ऐकली. तुम्हीच सगळे झोपलात."

मैदान फुटलं हसून. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. चहाची केटली धरलेला वाढपी हसता हसता खाली बसला. दादाला हसणं ऐकू येत नव्हतं, नुसती उघडलेली तोंडं दिसत होती, म्हणून तोही थोडा हसला. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

ल्कबीरने खाली जमिनीकडे बोट केलं. रीत दादाला कुणी समजावायची गरज नव्हती, पोरांना ती त्यानेच सांगितलेली. तो उतरला. पगडी सोडली. उन्हात त्याचं टक्कल किती पांढरं दिसत होतं. पायी चालत आला आणि कुणाकडे न जाता माझ्याजवळ, बायकांच्या तंबूच्या दोरापाशी उभा राहिला.

मी लेकाला गाठलं. म्हटलं, मेल्या, ज्याच्या ताटात जेवलास त्याला असं नागवं केलंस? तो खोगिराचा पट्टा आवळत होता. मबरूकच्या खोगिराचा. मान वर न करता म्हणाला, "आई, आता बार एकच पडेल. मग बोल." माझा पोरगा आहे म्हणून मी काय ते बोलेन, दुसऱ्याने बोलू नये, असं म्हणायची सोयसुद्धा त्याने मला ठेवली नाही.

दुपारी गुणांची फेरी आली. मबरूकवर ल्कबीर. दादाच्या जागी बूश्ताचा मेहुणा, तरणा, दोन्ही कान शाबूत. ओळ सुटली. दादाने दोर घट्ट धरला होता आणि त्याच्या टाचा जागच्या जागी हलत होत्या, घोड्याला इशारा द्यावा तशा. ल्कबीरची हाक आली, लांबलचक, जोरदार. मोठा बार झाला.

आणि त्याच्यामागून एक भुरटा. गेल्या वर्षीसारखाच. पण या वेळी वारा आमच्याकडून होता, धूर पलीकडे गेला, आणि शेवटची ठिणगी मला ओळीच्या मधोमध दिसली. मबरूकच्या पाठीवरून. हाक देऊन दम घेता घेता ज्याला चाप ओढायला उशीर होतो, त्याच्या बंदुकीची.

ल्कबीर उतरला नाही. मुकद्दमाला उतर म्हणणार कोण? उतर म्हणू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो गळ्यात पगडी घालून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"फातना, एकच पडला ना?"

मी तोंड उघडलं. त्याची नजर माझ्या ओठांवर होती.

"एकच, दादा."

त्याने मोठा श्वास सोडला. "म्हणजे गेल्या वर्षी मागाहून फुटलेला मीच होतो. बरं झालं उतरवलं ते," म्हणाला, आणि मबरूकला पाणी दाखवायला बादली शोधत निघून गेला.